टिक्यावाली खात नाही

भिवंडीजवळच्या वळ गावी एका साखरपुड्याला गेलो होतो. पंगतीत शेजारी एक तरुण बसला होता, गोडाऊनच्या धंद्यात पैसा केलेला, बोलायला मोकळा. गावातली जुनी माणसं कोण कोण गेली ते सांगता सांगता तो म्हणाला, "डिगू केणी म्हणजे ते रेसवाले ना? घोड्यांच्या टिपा विकायचे ते." मी वाढप्याला हातानेच भात नको म्हटलं आणि पानाकडे बघत राहिलो. गप्प बसणं मला पहिल्यापासून चांगलं जमतं. लोक त्याला माझा स्वभाव म्हणतात.

परत येताना बायको म्हणाली, तुम्ही तर त्यांना रोज भेटत होता, त्या पोराला दोन शब्द सांगायचे होते की. तिलाही मी उत्तर दिलं नाही. म्हणून आता लिहायला बसलो आहे. डिगंबर केणी यांनी उभ्या आयुष्यात कुठल्याही घोड्यावर एक पैसा लावला नाही. टीप विकली नाही, फुकट दिली नाही. ते गवत विकायचे. त्यांना 'रेसवाले' हे नाव कसं चिकटलं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

तेव्हा, म्हणजे ऐंशीनंतरच्या वर्षांत, मी भिवंडीत आग्रा रोडच्या वजनकाट्यावर कारकून होतो. सूत, कापडाचे तागे, भंगार, गवत, सगळं माझ्या खिडकीसमोरून जायचं. काट्यावरच्या माणसाला संशय घ्यायचाच पगार मिळतो. विकणारा भरल्या गाडीत ताडपत्रीखाली दोन हमाल झोपवून आणतो, घेणारा रिकाम्या गाडीच्या वजनाच्या वेळी तिच्यात दगड ठेवतो. मी कुणाच्याही तोंडाकडे न बघता आधी चाकांकडे बघायचो.

डिगंबर केणींची, म्हणजे मामांची वखार काट्याच्या समोरच, रस्त्याच्या पलीकडे. सगळी भिवंडी त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो. दिवाळीच्या पुढेमागे वळ, पूर्णा, पडघा इकडच्या माळांवरचं गवत कापायचं, वाळवायचं, दाबून त्याच्या तारेने बांधलेल्या गाठी करायच्या आणि उन्हाळाभर वखारीत रचून ठेवायच्या. गवत जायचं रेसच्या घोड्यांच्या तबेल्यांना. पावसाळ्यात हे तबेले मुंबईहून पुण्याला हलायचे, तिथल्या लहान रेसकोर्सचा सीझन तेव्हाच असतो. भर पावसात कोरडं गवत मिळवणं मुश्कील, आणि मामांचं गवत गणपतीतही उन्हाळ्यातल्यासारखं वाजायचं. पुण्यातल्या एका मोठ्या तबेल्याला त्यांच्या वडिलांपासून त्यांचंच गवत जात होतं.

मामा उंच, आणि उजव्या खांद्याने खाली झुकलेले. सदऱ्याची डावी बाही मनगटापर्यंत, उजवी खांद्यापर्यंत दुमडलेली, थंडीतही तशीच. त्या उजव्या हातावर कोपराच्या वरपर्यंत ओरखडेच ओरखडे होते. कारण कुणाच्याही गाठीवर त्यांचा विश्वास नव्हता. गाठ समोर आली की तिच्या पोटात हात खुपसायचा, आतलं मूठभर गवत उपसायचं, त्याचा वास घ्यायचा, एक काडी चावायची, थुंकायची. गवत आत ओलं राहिलं तर गाठ पोटातून तापते आणि बुरशी धरते. वरून काही कळत नाही. तेच घोड्याच्या पोटात गेलं की पोटशूळ. "हात घाल," एवढंच ते म्हणायचे. माणसांबद्दल बोलतानाही तेच. अमुक मनुष्य बरा वाटतो असं कुणी म्हटलं की मामा विचारायचे, "हात घातलास?"

एकदा पडघ्याच्या एका गवतवाल्याने गाडी थेट काट्यावर आणून उभी केली. वजन मामांच्या खर्चाने व्हायचं होतं. मामांनी पहिल्या थरातली गाठ सोडून तिसऱ्या थरातली ओढून काढली, हात घातला, आणि मुठीत भाताचा पेंढा निघाला. बाहेर गवत, पोटात पेंढा. मामा ओरडले नाहीत. त्यांनी ती मूठ त्या माणसाच्या हातात दिली आणि त्याला म्हणाले, "खा." तो हसला. मामा हसले नाहीत. "माजा घोडा खाईल ते तू खा." शेवटी त्या माणसाने खरोखरच एक काडी तोंडात घातली, तेव्हा मामांनी गाडी परत पाठवली.

स्वतःच्या बाबतीतही तोच हिशेब. त्यांची गाडी काट्यावर आली की आधी स्वतः उतरायचे, मग ड्रायव्हरला उतरवायचे. ड्रायव्हर त्यांचा सख्खा भाचा होता, बाळाराम. बहीण गेल्यावर मामांनीच त्याला वाढवलं, गाडी शिकवली. बाळाराम चिडायचा, की मामा, माझं वजन किती ते काट्यालाही पाठ झालंय, तरी कशाला उतरवता? मामा म्हणायचे, "तुजं वजन घोड्यानी कशाला भरायचं?"

वजन झालं की ते माझ्या केबिनच्या पायरीवर बसायचे. समोरच्या हॉटेलातून चहा मागवायचे, एक कप, एक बशी. बशी माझी. मी आमच्या बौद्धवाड्यातून आलेलो, काट्यावर नवा, फारसं कुणाशी न बोलणारा. हॉटेलात मला कुणी अडवत नव्हतं. कुणी बस असंही म्हणत नव्हतं. मी आपला काउंटरशी उभा राहून चहा पिऊन परत यायचो. मामांनी पहिल्याच आठवड्यात बशी पुढे केली आणि तो प्रश्न आमच्यापुरता कायमचा संपवला.

ते हॉटेल नारूशेठचं. चहा पुढच्या खोलीत, रेस मागच्या. शनिवार-रविवार आला की कापडाच्या लूमवरची पाळी सुटलेली माणसं मागच्या खोलीत गर्दी करायची. नारूशेठ घोड्यांवर पैसे घ्यायचा आणि पुण्याचे निकाल फोनवर मागवायचा. तिथला सगळ्यात नेमाचा माणूस मुश्ताक जॉबर, एका कारखान्यात लूम दुरुस्त करणारा. आता विचार करा. ज्या गावात हजार माणसं पुण्याच्या घोड्यांवर पैसे लावतात, त्या गावात एक माणूस दर आठवड्याला त्याच घोड्यांच्या तबेल्यात जाऊन येतो. आणि तो पैसे लावत नाही, आणि काही बोलतही नाही. भिवंडीत याहून संशयास्पद माणूस सापडला नसता.

"देख काटेवाले," मुश्ताक मला समजवायचा, "जो आदमी खेलता नहीं, उसी के पास असली खबर होती है. नाहीतर मामा एवढं गप्प का राहतो?"

मग लोक मामांच्या गप्पपणातून टीप काढायला लागले. शनिवारी मामांनी दोन चहा सांगितले, म्हणजे दोन नंबर. डाव्या पायाने पायरी चढले, म्हणजे डावीकडून पळणारा. एका शनिवारी मामांची दाढ दुखत होती म्हणून त्यांनी गालाभोवती लाल रुमाल बांधला होता. दुसऱ्या दिवशी लाल टोपीच्या जॉकीचा घोडा लागला, ज्याला कुणी विचारत नव्हतं तो. सोमवारी मुश्ताक मिठाईचा पुडा घेऊन वखारीत आला आणि मामांच्या पाया पडला. मामांना कळेना. बाळारामने समजावून सांगितल्यावर ते पांढरे पडले. ही गोष्ट हसण्यासारखी आहे हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांना एकच दिसत होतं, की हे तबेल्यात कळलं तर?

त्यानंतर शनिवार आला की मामा चोरासारखे वागायला लागले. हात खिशात, रुमाल नाही, चहा एकच. बोटं मोजल्यासारखी दिसू नयेत म्हणून मूठ मिटलेली. अर्थातच लोकांचा संशय दुप्पट झाला. मिटलेल्या मुठीतूनही कुणीतरी शून्य काढलं आणि दहा नंबरवर पैसे लावले. मामा मला म्हणाले, "सुदाकर, ह्या गावात मानसानं मरावं तरी कसं? कंच्या कुशीवर मेलो त्यावर पण लावतील."

मला ते एकदाच पुण्याला घेऊन गेले. गाडीत पुढे तिघे, बाळाराम, मामा, मी. घाटात मामा सारखे मागे वळून ताडपत्रीकडे बघायचे. रेसकोर्सवर मी पहिल्यांदाच रेस बघत होतो. हिरवळ, पांढरे कठडे, टोपीवाल्या बायका, आणि घोडे वळणावरून आले तेव्हा छातीत उतरलेला तो आवाज. मी नकळत पायाच्या टाचा उचलून उभा राहिलो. शेजारी मामा नव्हते. ते मागे एका झाडाखाली, कोर्सकडे पाठ करून बसले होते. गर्दीचा आरडाओरडा थांबला तसं त्यांनी विचारलं, "सपली? चल, आता खायाला घालतील."

त्यांचा कार्यक्रम तो होता. तबेल्यात सगळे त्यांना ओळखत. मालकांचा नव्हे, पण घोड्यांची निगा राखणाऱ्या सईसांचा जो मुख्य, त्या हेड सईसाचा त्यांच्यावर जीव होता. घोड्यांची इंग्रजी नावं मामांच्या तोंडात बसत नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःची नावं ठेवली होती. एक आळशी, एक म्हातारा, एक जावई, जो सगळ्यात आधी ताट मागायचा. आणि एक काळीभोर घोडी, कपाळावर पांढरा टिका असलेली. ती टिक्यावाली. सईसाने दार उघडलं, मामांनी स्वतःच्या गाठीतलं मूठभर गवत तिच्यापुढे धरलं. तिने आधी त्यांच्या उजव्या हाताचा वास घेतला, खांद्यापर्यंत, आणि मग खाल्लं. मी मामांचा चेहरा तेवढा सैल झालेला आधी कधी पाहिला नव्हता. "ही पन आदी हात घालून बगते," ते म्हणाले.

बाळाराम मागून मला कोपर मारून हसला. "लगीन लावा आता," तो हळूच म्हणाला. मामांनी ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

मामांचं सगळं जगणं त्या उघडलेल्या दारापाशी होतं. पैसा मुंबईच्या म्हशींच्या गोठ्यांना गवत घालूनही मिळाला असता.

पुढच्या वर्षीचा सीझन. टिक्यावाली तोवर मोठं नाव झाली होती. एका रविवारी तिची मोठी रेस होती आणि नारूशेठच्या मागच्या खोलीत तिच्याशिवाय दुसरं नाव नव्हतं. मुश्ताकने तर कारखान्यातल्या माणसांकडूनही पैसे गोळा केले होते. त्या आठवड्यात शुक्रवारी मामा पुण्याहून आले ते थेट माझ्या पायरीवर. चहा सांगितला नाही.

"टिक्यावाली खात न्हाय," ते म्हणाले. "दोन दिस झाले, तोंड लावलं न्हाय गवताला. वास घेते आनि मान फिरवते."

त्यांच्या मनात रेस नव्हतीच. त्यांच्या मनात त्यांची गाठ होती. कुठली तरी एक गाठ आतून तापलेली गेली, तिला ते कळलं, आणि आता ती आपल्या गवताला तोंड लावत नाही. तिला काही झालं तर वडिलांपासूनचं सगळं बुडालं. त्याच खेपेतल्या उरलेल्या गाठी वखारीत होत्या. त्या सगळ्या उघडून बघायच्या होत्या आणि हे बाहेर कुणाला कळता कामा नये, नाहीतर गवताचं नाव जाईल. त्यांना विश्वासाचा माणूस हवा होता. वखारीचे हमाल नको, ते बोलतील. बाळाराम नको, घोडी खात नाही हे त्याने तबेल्यात बघितलं होतं, पण तो पोटात काही ठेवत नाही. "तू एकटाच मुका हायस," ते मला म्हणाले.

त्या संध्याकाळी वखारीचं दार आतून लावून आम्ही दोघांनी गाठी फोडल्या. तार तोडायची, हात घालायचा, वास घ्यायचा. माझ्या हातावर ओरखडे उठले. गवत पहिल्या गाठीपासून शेवटच्यापर्यंत कोरडं, गोड वासाचं निघालं. शेवटची गाठ झाल्यावर मामा त्या गवताच्या ढिगात बसले आणि त्यांनी बाहीने तोंड पुसलं. बाही डावी होती, उजवी तर वर दुमडलेली. "माजं गवत चांगलं हाय," ते म्हणाले. परत एकदा म्हणाले. मग, "तिचं दुसरं काय तरी दुखत आसंल."

इथपर्यंत लिहिणं सोपं होतं.

शनिवारी मी काट्यावरून सुटलो आणि हॉटेलच्या काउंटरशी उभा राहून चहा घेत होतो. नारूशेठ गल्ल्यावर होता. दर शनिवारी तो मला विचारायचा, तसं त्याने विचारलं, "काय काटेवाले, मामा काय बोलतात?" दर शनिवारी मी मान हलवायचो. त्याची अपेक्षाही तेवढीच होती. त्याची नजर माझ्याकडे नव्हतीच, तो दुसऱ्या कुणाला सुटे पैसे देत होता. त्या न बघण्याचा मला त्या दिवशी राग आला की काय, मला अजून नक्की सांगता येत नाही. मी म्हटलं, "टिक्यावाली खात नाही."

नारूशेठने सुटे पैसे तसेच हातात धरले. मग तो उठला, स्वतः एक खुर्ची ओढली, पंच्याने पुसली. "बसा ना," तो म्हणाला. मी बसलो. घोडीचं खरं नाव त्याने विचारलं, मी सांगितलं. तिने किती दिवस खाल्लं नाही तेही सांगितलं.

मी एक पैसा घेतला नाही. हे वाक्य मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला ऐकवत आलो. खरंच घेतला नाही. मी खुर्ची घेतली.

नारूशेठसारखे लहान बुकी फेवरिट घोड्यावर फार पैसे जमले की ते स्वतःकडे ठेवत नाहीत. अर्धेअधिक पुण्याच्या मोठ्या बुकींकडे वर पाठवतात, म्हणजे घोडा लागला तर एकट्याला भरावं लागत नाही. त्या रविवारी त्याने टिक्यावालीचे सगळे पैसे घेतले, भाव इतरांपेक्षा चढा देऊन घेतले, आणि वर काहीच पाठवलं नाही. टिक्यावाली पाचवी आली. मुश्ताक त्या संध्याकाळी हॉटेलबाहेर फुटपाथवर बसून होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, मामाने डुबाया. मामांनी त्याला कधी काही सांगितलंच नव्हतं, हे त्याला आठवण करून देणारं कुणी नव्हतं. मी तिथून गेलो.

पण पुण्याच्या मोठ्या बुकींना हे खटकलं. जिथून दर आठवड्याला फेवरिटचे पैसे येतात, त्या भिवंडीतून नेमके याच घोडीवर काहीच कसे आले नाहीत? भिवंडीला काय कळलं होतं? प्रश्न फिरत फिरत तबेल्यापर्यंत गेला. आणि तबेल्यात भिवंडीचा माणूस एकच येत होता.

पुढच्या खेपेला भरलेली गाडी फाटकावरच अडवली. मामांनी विचारलं, गवत वाईट निघालं का? हेड सईस बाहेर आला. तो म्हणाला, गवतात काही खोट नाही, घोडीची दाढ दुखत होती, आता काढली, आता खाते. मग? मग तो मान खाली घालून म्हणाला, तुमच्याकडून आतली गोष्ट बाहेर जाते, मालकांचा हुकूम आहे. मामांनी घोडीला एकदा बघू द्या म्हटलं. त्याने दार उघडलं नाही.

गाडी तशीच भरलेली परत आली. मामांनी ती काट्यावर घ्यायला लावली. परत आलेल्या मालाचं वजन करायचं काही कारण नव्हतं. ती त्यांची सवय होती. स्वतः उतरले, बाळारामला उतरवलं. मी खिडकीत होतो. मामांनी त्याच्याकडे हात पसरला आणि गाडीची चावी मागितली.

"तू, मी आनि तो सईस," ते म्हणाले. "तिगांनाच ठाव व्हतं. सईस बोलनार न्हाय, त्याची भाकरी हाय ती. मी बोल्लो न्हाय."

"मामा, देवाशपथ," बाळाराम म्हणाला. "मी त्या हॉटेलात पाय ठेवला न्हाय त्या दिसांत."

तिघांना ठाऊक होतं, असं मामा म्हणाले. त्यांनी मला धरलंच नव्हतं. मला सांगितलेलं म्हणजे त्यांच्या लेखी कुणालाच न सांगितलेलं.

बाळाराम माझ्या खिडकीकडे वळला. त्याला मी तोवर नुसता ओळखीचा नव्हतो. पुण्याच्या वाटेत त्याने मला स्टेअरिंग धरायला दिलं होतं. "सुदाकर, तू दिसभर हितंच असतोस. हॉटेल तुज्या समोर हाय. तू सांग, मी गेलो व्हतो का तिथं? कदी बगितलास मला?"

मामाही माझ्याकडे बघत होते. मी काट्याच्या दांडीकडे बघितलं. ती अजून हलत होती.

"माझं लक्ष काट्यावर असतं," मी म्हटलं.

बाळारामने चावी मामांच्या हातावर ठेवली आणि तो रस्त्याने चालत गेला. मामांनी मला वजन विचारलं. मी सांगितलं. जाताना होतं तेवढंच भरलं होतं.

त्यानंतर मामांचा धंदा हळूहळू आटत गेला. टिपा विकल्या म्हणून तबेल्याने हाकललं, असं भिवंडीत झालं आणि 'रेसवाले' हे नाव चिकटलं. दुसऱ्या तबेल्यांनीही गवत घेणं बंद केलं, म्हशींच्या गोठ्यांना विकून काही वर्षं चाललं. बाळाराम परत आला नाही. मामांनी दुसरा ड्रायव्हर ठेवला आणि त्याच्यावर पहिल्या दिवसापासून संशय घेतला, मग तिसरा. वखारीला दोन कुलपं लागली. पण पायरीवरची बशी चालूच राहिली. जेवढे ते जगावर संशय घेत गेले, तेवढं मला जास्त सांगत गेले. बहिणीचं मूल असून त्याने असं करावं, हे ते दर महिन्या-दोन महिन्यांनी माझ्याजवळ बोलायचे आणि मी चहा निववत ऐकायचो. हॉटेलात माझी खुर्ची आता ठरलेली होती. मी तिच्यावर बसलो की नारूशेठ पोऱ्याला ओरडायचा, काटेसाहेबांना स्पेशल.

नव्वदनंतर वळ-पूर्णाच्या माळांवर गोडाऊनं उठायला लागली. गवत संपलं. मामांच्या मुलाने जमीन गोडाऊनवाल्यांना दिली, वखार मोडली. मामा वळ गावी, एका गोडाऊनच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसायला लागले. ते गोडाऊन त्यांच्याच माळावर उभं होतं. माझा काटाही तोवर इलेक्ट्रॉनिक झाला होता आणि मी दुसरीकडे नोकरीला लागलो होतो. मी त्यांना भेटायचं टाळत होतो, हे आता स्पष्टच लिहितो.

एका दुपारी गेलो. काचसामानाचा ट्रक खाली होत होता. खोक्यांत भांड्यांच्या मध्ये गवत भरलेलं. मामांनी एका फुटक्या खोक्यात हात घातला होता, खांद्यापर्यंत. गवत काढलं, वास घेतला, काडी चावली, थुंकले. हमाल हसत होते. मला बघून मामा म्हणाले, "बग रे. कचऱ्यासारकं गवत. ह्याच्यावर घोडा मुतनार न्हाय." आणि शेजारचा दगड दाखवून बस म्हणाले.

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. "मामा, टिक्यावालीचं मी सांगितलं होतं. नारूशेठला. बाळारामने नाही."

त्यांच्या हातात अजून ते गवत होतं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं ते गाठीकडे बघायचे, हात घालण्याआधी. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं लिहायचा मोह होतो, पण ते खरं नाही. मी घाबरलो होतो.

"बाळ्याला सांगितलास?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग मला काय सांगतोस?" ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "गाडी बोलव."

मी रिक्षा आणली. मामांनी ती पडघ्याला घ्यायला लावली. हायवेला लागून बाळारामचं पंक्चरचं दुकान होतं, पत्र्याची शेड, टायरांची रास. मला ते माहीत होतं. मी त्याच्यासमोरून बसने कितीदा गेलो होतो, खिडकीतून तोंड आत घेऊन. मामांना पत्ता ठाऊक आहे हे मात्र मला त्या दिवशी कळलं. रिक्षा थांबल्यावर मीही उतरायला लागलो, तर त्यांनी माझ्या छातीवर हात ठेवून मला मागे बसवलं. "तू उतरू नको. तुजं तू नंतर बग. आदी माजं हाय."

मी आतूनच बघितलं. बाळाराम पाण्याच्या टबापाशी उकिडवा बसून एक ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता. केस पिकायला लागले होते. मामा समोर जाऊन उभे राहिले. त्याने मान वर केली, बघितलं, आणि परत खाली घालून ट्यूब फिरवत राहिला. मामा काहीतरी बोलले. रस्त्यावर ट्रक इतके होते की मला ऐकू आलं नाही. त्याने मान उचलली नाही. मामा परत बोलले. मग ते गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू, त्याच्यासमोर खाली बसले. उजवी बाही वर दुमडलेलीच होती. त्यांनी त्या काळ्या पाण्यात खांद्यापर्यंत हात घातला आणि ट्यूबची दुसरी बाजू धरली.

बाळारामने ती ओढून घेतली नाही.

रिक्षावाल्याने विचारलं, थांबायचं का. मी मामांकडे बघत होतो. इंजिनाचा आवाज ऐकून त्यांनी मान न वळवता पाण्यातला हात बाहेर काढला आणि माझ्या दिशेने हलवला, जा म्हणून. पाणी त्यांच्या कोपरावरून गळत होतं. मग तो हात परत टबात गेला.

पुढच्या पावसाळ्यात मामा गेले. बाळारामचं दुकान अजून तिथेच आहे. त्या रिक्षातून मी अजून उतरलेलो नाही.